गर्भपाताची गोळी आणि आपल्या वस्तीतले मौन

आपल्या चळवळीत आरक्षणावर व्याख्याने होतात, थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी मोर्चे निघतात, ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवून घेत नाहीत म्हणून कार्यकर्ते रात्रभर पोलीस ठाण्यासमोर बसतात. पण वस्तीतल्या एखाद्या बाईने कुणालाही न सांगता गर्भ पाडायची गोळी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी ती अंगावर जाऊन जाऊन गळून गेली, तर तो तिच्या घरचा प्रश्न ठरतो. बायका आपापसात कुजबुजतात, पुरुष मान फिरवतात, आणि मंडळाच्या बैठकीत हा विषय कधीच येत नाही.

आमचे म्हणणे आहे की हा चळवळीचाच प्रश्न आहे. ही गोळी वेळेत आणि योग्य पद्धतीने घेतली तर तो अत्यंत सुरक्षित उपचार आहे. तिच्याभोवतीचे मौन तिला धोक्याची बनवते. आणि या मौनाची किंमत कोण मोजते, हे जात आणि खिसा पाहून ठरते. ज्यांच्याकडे ओळखीची डॉक्टरीण आहे, पैसे आहेत, स्वतःची गाडी आहे, त्यांच्यासाठी गर्भपात ही एका दुपारची गोष्ट असते. आपल्या वस्तीतल्या बाईसाठी तो अंधारात टाकलेला पाय असतो.

हा प्रश्न मूठभर बायकांचा नाही. २०१५ या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतले ८१ टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले होते. एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के हे दवाखान्याच्या बाहेर, गोळ्या मिळवून केलेले होते. म्हणजे दर चार गर्भपातांपैकी जवळपास तीन. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही सुमारे २७ टक्के गर्भपात बाईने स्वतःच घरी केल्याचे नोंदले गेले. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे वेगळे आहेत. पण दोन्ही एकच गोष्ट सांगतात. गोळी घराघरात पोचली आहे. तिच्याबरोबर जायला हवी होती ती माहिती पोचलेली नाही.

म्हणून आधी माहिती, मग वाद.

गोळी म्हणजे नेमके काय?

सर्वांत मोठा घोळ येथे आहे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची जी तातडीची गर्भनिरोधक गोळी असते, ती वेगळी. ती गर्भ राहू नये म्हणून असते. एकदा गर्भ राहिला की तिचा काही उपयोग होत नाही. आपल्या कॉलेजच्या मुलामुलींमध्ये या दोन गोळ्या एकच समजल्या जातात. पाळी चुकल्यावर तातडीची गोळी घेऊन 'आता काम झाले' म्हणून मुलगी निर्धास्त राहते आणि त्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

गर्भपातासाठी दोन औषधे लागतात. पहिले मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅमची एक गोळी. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम ती थांबवते. त्यानंतर २४ ते ४८ तासांनी दुसरे औषध, मिसोप्रोस्टॉल. प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. या गोळ्यांनी गर्भाशयाला कळा येतात आणि गर्भ बाहेर पडतो. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि दोन्ही औषधांचे एकत्रित पाकीट २००८ मध्ये मंजूर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही औषधे २००५ पासून आहेत. ही काही चोरट्या बाजारात जन्मलेली वस्तू नव्हे, हे आधी डोक्यात पक्के करावे.

ही गोळी नऊ आठवड्यांपर्यंत घेण्याची आपल्या नियमांत मुभा आहे. आता हे आठवडे मोजायचे कुठून? संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत. पाळी चुकली त्या दिवसापासूनही मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ज्या दिवशी पाळी यायला हवी होती आणि आली नाही, त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे होऊन गेलेले असतात. नऊ आठवडे म्हणजे हातात उरतो तो पाळी चुकल्यापासूनचा जेमतेम महिना. ज्यांची पाळी मुळात अनियमित आहे त्यांचा हिशेब आणखी फसवा असतो. हे एक गणित जरी प्रत्येक मुलीला माहीत असले, तरी निम्मे संकट टळेल.

नऊ आठवड्यांच्या आत, नीट क्रमाने घेतल्यास शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव ते अठ्ठ्याण्णव जणींचा गर्भपात पूर्ण होतो. दुसऱ्या औषधानंतर काही तासांतच पोटात कळा येऊन रक्तस्राव सुरू होतो. तो नेहमीच्या पाळीपेक्षा जास्त असतो, गाठी पडतात, मळमळ होते, थंडी वाजते, जुलाब होतात. हे अपेक्षित आहे. पहिल्या दिवसाचा जोर ओसरल्यावर थोडे थोडे रक्त दोन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त दिवस जाऊ शकते. वेदनेसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी डॉक्टर देतात. वेदना सहन करत बसण्यात कसलेही पुण्य नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री करावी लागते. लघवीच्या पट्टीवर लगेच विसंबू नये, कारण गर्भपात पूर्ण होऊनही ती तीन-चार आठवडे होकार दाखवत राहू शकते.

ज्या थोड्या जणींचा गर्भपात अपुरा राहतो, त्यांना गर्भाशय रिकामे करून घ्यावे लागते. आपल्याकडे याला सरसकट 'क्युरेटिंग' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना धारदार उपकरणाने खरवडण्याऐवजी हवेच्या दाबाने गर्भाशय रिकामे करण्याची पद्धत सुचवते. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही की तुम्ही कोणती पद्धत वापरता.

आणि एक गैरसमज कायमचा पुसून टाकावा. नीट झालेल्या गोळीच्या गर्भपाताने बाई वांझ होत नाही. उलट पुन्हा दिवस राहण्याची शक्यता फार लवकर परत येते, पुढची पाळी येण्याच्याही आधी. त्यामुळे गर्भनिरोधनाचा विचार त्याच भेटीत करावा.

कोणी जपून राहावे?

प्रत्येकीसाठी ही गोळी घरी घेण्याजोगी नसते. डॉक्टरला भेटणे आवश्यक आहे ते येथेच. पहिला आणि सर्वांत गंभीर धोका नळीतल्या गर्भाचा. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि बाई काही तासांत दगावू शकते. पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्यात कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. गोळीनंतर रक्त जातेच, म्हणून या रक्तस्रावाकडे दुर्लक्ष होते. सोनोग्राफी प्रत्येक वेळी लागतेच असे नाही, पण तारखेबद्दल किंवा नळीतल्या गर्भाबद्दल जराही शंका असेल तर ती केलीच पाहिजे.

तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. रक्त गोठण्याचा आजार असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असतील, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचा आजार असेल किंवा या औषधांची ॲलर्जी असेल, तर हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय गोळीला हात लावू नये. आधी सिझेरियन झाले आहे किंवा बाळ अंगावर पीत आहे, एवढ्यावरून मात्र या सुरुवातीच्या आठवड्यांत कोणी नकार देऊ नये.

आता आपल्या समाजाचा खास मुद्दा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे त्याच पाचव्या सर्वेक्षणाने सांगितले. विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. जिचे हिमोग्लोबिन मुळातच खाली आहे, तिला सामान्य रक्तस्रावही झेपत नाही. अशा बाईला गर्भपात नाकारावा असा याचा अर्थ नाही. तिची आधी रक्ततपासणी व्हावी आणि गरज पडली तर तिने घरी गोळी न घेता रुग्णालयात उपचार घ्यावा, एवढाच अर्थ. औषध सगळ्यांसाठी सारखे असते, पण ते ज्या शरीरात जाते त्या शरीराला पिढ्यान्‌पिढ्या किती खायला मिळाले, हे जातिव्यवस्थेने ठरवलेले असते.

धोक्याची लक्षणे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत. सलग दोन तास, तासाला दोन किंवा जास्त मोठे पॅड पूर्ण भिजत असतील. दुसऱ्या औषधाचा दिवस उलटल्यावरही १००.४ अंशांच्या वर ताप राहत असेल. औषधाने न थांबणारे पोटदुखणे असेल. घाण वासाचा स्राव जात असेल. चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल. तर एक तासही न दवडता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. आणि दुसऱ्या औषधानंतर २४ तासांत रक्तस्राव सुरूच झाला नाही, तर तेही चांगले लक्षण नाही, लगेच डॉक्टरकडे जावे.

रुग्णालयात गेल्यावर कोणती गोळी कधी घेतली ते डॉक्टरला खरे सांगावे. वस्तीत काम करताना आम्हाला हे वारंवार दिसते की बायका गोळीने जेवढ्या आजारी पडतात, त्याहून जास्त नुकसान उशिराने होते. पोलीस येतील, नवऱ्याला कळेल, नर्स ओरडेल, या भीतीने दोन दिवस घरातच काढले जातात. अपुऱ्या गर्भपाताचा उपचार आपोआप झालेल्या गर्भपातासारखाच असतो आणि जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला नाकारण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही.

कायदा काय देतो, काय राखून ठेवतो?

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग अशा ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कारणात पूर्वी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते, ते जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही असा निकाल दिला. या कायद्यापुरता बलात्कार या शब्दात पतीने केलेला बलात्कारही येतो, असेही त्याच निकालात म्हटले.

यातल्या दोन गोष्टी प्रत्येक बाईला ठाऊक असल्या पाहिजेत. एक, १८ वर्षांवरील स्त्रीसाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासूची, बापाची सही कायद्यात कुठेही नाही. तरीही खेड्यातल्या आणि शहरातल्या कितीतरी दवाखान्यांत 'नवऱ्याला घेऊन ये' म्हणून बाईला परत पाठवतात. 'नसबंदी करून घेणार असशील तरच गर्भपात करू' अशीही अट घालतात. या दोन्ही अटी बेकायदा आहेत. दोन, तिचे नाव गुप्त ठेवणे हे डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि पोक्सोखाली पोलिसांना कळवावे लागते. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास त्या अहवालात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे २०२२ च्या त्याच निकालाने सांगितले आहे.

आता हा कायदा काय राखून ठेवतो ते पाहू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात हा आजही गुन्हा आहे, स्वतः गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. १९७१ चा कायदा या गुन्ह्याला फक्त अपवाद करतो, आणि तो अपवाद डॉक्टरच्या मतावर टेकलेला आहे. म्हणजे बाईने 'मला नको' म्हणणे पुरेसे नाही, डॉक्टरने 'हिला नको असणे योग्य आहे' असे म्हणावे लागते. ज्या समाजात डॉक्टर बहुतांशी एका जातीवर्गातून येतो आणि रुग्ण दुसऱ्या, तेथे हा 'मताचा' अधिकार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आडनाव ऐकून आवाज बदलतो, हे आपण पाहिले आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की गोळी मोकळी सोडली तर स्त्रीभ्रूणहत्या वाढेल. हा आक्षेप हलका नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात तर त्याहून फार कमी. परळीचे प्रकरण २०१२ मध्ये गाजले, म्हैसाळला २०१७ मध्ये पुरलेले भ्रूण सापडले. अशा प्रकरणांनंतर गोळीवर करडी नजर ठेवली गेली आणि राज्यातल्या बहुतेक औषधदुकानांनी झंझट नको म्हणून ती ठेवणेच बंद केले. पण थोडा हिशेब करा. सोनोग्राफीवर गर्भाचे लिंग कळायला साधारण बारा-तेरा आठवडे तरी लागतात. गोळीची मुदत नऊ आठवड्यांची आहे. लिंग पाहून गर्भ पाडणारा माणूस नऊ आठवड्यांच्या गोळीवर अवलंबून नसतो. त्याला सोनोग्राफीवाला आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर लागतो. त्यांना पकडण्यासाठी १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आहे, तो कठोरपणे राबवा. तसे करण्याऐवजी औषधदुकानावर डोळे वटारले, की मोठा डॉक्टर सुटतो आणि सहाव्या आठवड्यात अडकलेली मजूर बाई चौपट पैसे देऊन कोणाच्या तरी पिशवीतून, मुदत संपलेली की नाही हे न कळणारी गोळी घेते.

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने येतो. पाणातिपाता वेरमणी, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे पहिले शील आपण रोज म्हणतो, मग गर्भपात चालतो कसा? विहारात हा प्रश्न विचारणाऱ्या उपासिकेला आम्ही हसून उडवून लावणार नाही. तिच्या मनातली कालवाकालव खरी असते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गर्भपाताची चर्चा केलेली नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडी आपली वाक्ये घालण्याचा उद्योग कोणी करू नये. पण अहिंसेचा विचार करताना त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला. नियम डोळे झाकून पाळायचा असतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या. ही दृष्टी घेतली तर निर्णय कोणाचा, हे स्पष्ट होते. जिच्या अंगात रक्त नाही, जिच्या पदरात तीन मुले आहेत, जिच्यावर जबरदस्ती झाली आहे, तिच्या परिस्थितीचे मोजमाप तिच्याशिवाय कोण करणार? पाप म्हणून तिच्यावर शिक्का मारणे ही तर आपण १९५६ मध्ये मागे टाकलेली भाषा आहे. करुणा म्हणजे तिच्या सोबत दवाखान्यात जाणे.

तिसरा आक्षेप नेहमीचा, की मुली बिघडतील. शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंना हेच ऐकावे लागले. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांनी तेथे गुपचूप यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे, म्हणून. त्यांनी त्या बायकांच्या चारित्र्याची चौकशी केली नाही, त्यांचा जीव वाचवला. गर्भपाताचा प्रश्न वेगळा असला तरी, अडचणीतल्या बाईकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा धडा तोच आहे. आणि 'बिघडण्या'चा मापदंड फक्त मुलींनाच का? देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही ही परिस्थिती आहे. निळा झेंडा खांद्यावर घेणाऱ्या आमच्या भावांनी हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

हा विषय बाबासाहेबांच्या वाटेवरचाच

काही जणांना वाटेल की हे पाश्चात्त्य स्त्रीवादातून आणलेले खूळ आहे. त्यांनी आपलाच इतिहास वाचावा. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब मुंबई कायदे मंडळात बाळंतपणातल्या पगारी विश्रांतीच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. संततिनियमनाचे नाव काढले तरी लोक नाक मुरडत होते, त्या काळात. खटला हरले, पण लैंगिक आरोग्याचे ज्ञान लोकांपर्यंत पोचले पाहिजे ही बाजू त्यांनी न्यायालयात उभी केली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना द्याव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर त्यांनी एकाहून जास्त मुलांना तयारी दाखवली नसती, असा रोखठोक मुद्दा त्यात होता. सभागृहाने ठराव फेटाळला. लढाई मात्र आपल्या खात्यावर जमा आहे.

१९२८ च्या त्या भाषणाचा एक धागा थेट आजच्या विषयाशी जुळतो. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये मातृत्व लाभाचा केंद्रीय कायदा आला. त्या कायद्याच्या कलम ९ ने गर्भपात झालेल्या किंवा वैद्यकीय गर्भपात करून घेतलेल्या पात्र कामगार स्त्रीला सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा हक्क दिला. किती जणींना हे माहीत आहे? आणि माहीत असून उपयोग किती जणींना? घरकाम करणारी, कचरा वेचणारी, ऊसतोडीला जाणारी बाई या रजेच्या बाहेरच राहते. रक्त जात असताना ती दुसऱ्या दिवशी फडात उभी असते, कारण एक दिवस पडला की मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. जेथे आजारपणाला सुट्टी नाही, तेथे बाईच्या शरीराचा अवयवच अडचण ठरवला जातो. गोळीनंतरची दोन दिवसांची विश्रांती हा म्हणूनच मजुरीचा प्रश्न आहे, आणि मजुरीचा प्रश्न आपला जुना प्रश्न आहे.

मग करायचे काय?

प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने आपल्या तालुक्यात गर्भपाताची सेवा देणारी सरकारी रुग्णालये आणि मान्यताप्राप्त डॉक्टर कोण, याची यादी करून ठेवावी. ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर आहे का, गोळ्यांचा साठा आहे का, किती बायकांना परत पाठवले, याची माहिती अधिकारात विचारणा करावी आणि उत्तर घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे निवेदन द्यावे. रेशनच्या दुकानात धान्य नसले तर आपण जाब विचारतो. येथेही तसाच जाब विचारता येतो.

भीमजयंतीच्या आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाब तपासतो, त्याबरोबर मुलींचे आणि बायकांचे हिमोग्लोबिन तपासावे. सिकलसेलची तपासणी ठेवावी. आठवडे मोजण्याची पद्धत आणि धोक्याची लक्षणे एका पानावर छापून वाटावीत. पोरांनाही वाटावीत, फक्त पोरींना नव्हे. निरोध वापरण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला या विषयातून सूट कशाला?

प्रत्येक वस्तीत दोन तरी बायका अशा असाव्यात की ज्यांच्याकडे कोणीही रात्री दार वाजवून येऊ शकेल. त्यांनी औषध द्यायचे नाही, ते डॉक्टरचे काम. त्यांनी सोबत जायचे, केसपेपर काढायचा, 'नवऱ्याची सही आण' म्हणणाऱ्याला कायदा सांगायचा, आणि घरी आल्यावर तोंड बंद ठेवायचे. ज्या कार्यकर्तीच्या तोंडून एकदा गोष्ट बाहेर फुटली, तिच्याकडे दुसरी बाई कधीच येणार नाही. गुप्तता पाळणे हे या कामातले पहिले शील समजावे.

आणि शेवटची गोष्ट मागणीची. गर्भपात हा डॉक्टरच्या मर्जीने मिळणारा अपवाद न राहता सुरुवातीच्या आठवड्यांत स्त्रीच्या मागणीवर मिळणारा हक्क व्हावा, ही मागणी आंबेडकरी संघटनांच्या जाहीरनाम्यात यायला हवी. शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, जमीन यांच्या यादीत ती खाली कुठेतरी लिहिली तरी चालेल, पण लिहिली गेली पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर लिहितो. यातले पहिले पाऊल शिकण्याचे आहे, आणि आपल्या बायकांना त्यांच्याच शरीराबद्दल शिकू देणे ही त्याची साधीशी कसोटी आहे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास या विषयासाठी काढा. एखाद्या महिला डॉक्टरला बोलवा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नावे विचारू नका. किती चिठ्ठ्या येतात ते पाहा, म्हणजे हा प्रश्न कोणाचा आहे ते कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!